धूमकेतू

परदेशात मराठी माणूस भेटला की पहिल्यांदा गाव विचारतो, मग कंपनी, मग व्हिसा. हा पोरगा विचारतो, "रात्री झोपताना खिडकी उघडी ठेवता का बंद?" आपण गोंधळून काहीतरी उत्तर देतो. लगेच पुढचा प्रश्न, "एसी आहे ना? मग लावता, का बिल पाहून बंद करता?" आणि त्यानंतर अगदी सहज, "रात्री बाथरूममध्ये पडलात तर सकाळच्या आत कोणाला कळेल?" हे सगळं मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, आपल्या तळहातावर तिळगूळ ठेवता ठेवता. बाहेर जानेवारीचं दाट धुकं. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात त्या महिन्यात उन्हाळ्याची आठवण फक्त दोघांना असते, विमा कंपन्यांना आणि ह्याला.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांतून ही एक नवीच जमात बाहेर पडू लागली आहे. २०१८च्या नोव्हेंबरात पॅराडाइज नावाचं गाव जळालं, ८५ माणसं गेली, आणि तिथला धूर दीडशेएक किलोमीटरवरच्या सॅक्रामेंटोत येऊन पंधरवडाभर मुक्काम ठोकून बसला. २०२०च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत भर दिवसा आकाश नारिंगी झालं आणि लोकांना सकाळी दहाला दिवे लावावे लागले. २०२१मध्ये काल्डोरचा वणवा सिएरा पर्वत ओलांडून पलीकडे लेक टाहोच्या अंगाला उतरला. सॅक्रामेंटोजवळच्या फोल्सममध्ये आम्ही सकाळी उठून गाडीच्या काचेवरची राख पुसत होतो. इतरांनी राख पुसली आणि ऑफिस गाठलं. ह्या पोरांनी ती बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेली, तिथून स्वतः वस्त्यांमध्ये गेली, आणि अजून परतलेली नाहीत. त्यांच्यात फ्रेझ्नोच्या द्राक्षमळ्यात वाढलेली मेक्सिकन मुलगी असते, सॅक्रामेंटोचा हमोंग मुलगा असतो, युबा सिटीच्या पीचबागेतला पंजाबी असतो. सगळ्यांच्या पाठीवर एकाच आकाराची सॅक, आणि समोरच्याच्या घराच्या खिडक्यांकडे बघायची एकच नजर.

आमच्या मंडळाच्या वाट्याला आलेला नमुना अकोल्याचा. डेव्हिसच्या विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकी शिकायला आलेला. डेव्हिसहून आधी सायकल, मग रेल्वे, मग लाइट रेल, मग परत सायकल, असं करत तो फोल्समला येतो आणि घामानं निथळत दारात उभा राहून आपल्याला उष्माघाताची लक्षणं सांगतो. ती लक्षणं ऐकताना आपण त्याच्याकडेच बघत असतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत टेनिस बॉलनं क्रिकेट खेळून मोठा झालेला हा गडी इथं येऊन अडतीस अंशांना धोकादायक म्हणतो, हे माझ्या सासूबाईंना पहिल्या दिवसापासून खटकलं. त्या वर्ध्याच्या. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या. धूमकेतू हे नाव त्यांनीच ठेवलं. "गणपतीच्या बारा नावांत एक धूम्रकेतू आहेच," त्या म्हणाल्या, "हा तेरावा."

धूमकेतूचा पहिला उद्योग म्हणजे पेटी. वीस इंची चौकोनी पंखा, चार बाजूंना मर्व्ह-१३ दर्जाचे चार फिल्टर, तळाला पुठ्ठा, वर पंखा, आणि सगळं डक्ट टेपनं गुंडाळायचं. हवा चारी बाजूंनी आत ओढली जाते, धुराचे कण फिल्टरमध्ये अडकतात, वरून स्वच्छ हवा बाहेर. दुकानात हवा शुद्ध करायचं यंत्र शेकडो डॉलरला मिळतं, हे त्याच्या अगदी थोड्या पैशांत होतं. २०२०मध्ये करोनाच्या काळात रिचर्ड कॉर्सी ह्या प्राध्यापकानं कल्पना मांडली आणि जिम रोझेन्थल ह्या टेक्ससमधल्या फिल्टरवाल्यानं ती बनवली. बनवणाऱ्यानं नाव प्राध्यापकाचं दिलं, प्राध्यापक म्हणाला श्रेय बनवणाऱ्याचं. शेवटी दोघांचंही नाव लागलं. श्रेयावरून दोन माणसं एकमेकांना 'आधी आपण' म्हणतात, हे आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला इतकं अविश्वसनीय वाटलं की धूमकेतूच्या बाकीच्या बोलण्यावरही त्यांचा काही दिवस विश्वास बसेना. कॉर्सी पुढं डेव्हिसलाच अभियांत्रिकीचे डीन होऊन आले, तेव्हा तर हा देवस्थानाजवळ खोली मिळाल्यासारखा वागू लागला.

पेट्या बांधायची शिबिरं आमच्या गॅरेजमध्ये होत. फिल्टरच्या कडेला एक बाण छापलेला असतो, त्याचं टोक पेटीच्या आत हवं. हे तो सांगायचा, दाखवायचा, पुठ्ठ्यावर मार्करनं काढायचा. तरीही चारातला एक बाण बाहेर निघायचाच. तीन पदव्या असलेला, चिप डिझाइन करणारा माणूस गुडघ्यावर बसून बाण उलटा लावतो आणि त्याची आठ वर्षांची मुलगी "बाबा, उलटा" म्हणते, हे दृश्य मी तरी फुकट बघितलं. पंख्यावर मधे गोल भोक पाडलेला पुठ्ठा बसवायचा, कारण कोपऱ्यांतून हवा मागं फिरते, ती अडली की पेटी जास्त काम करते. ते गोल कापताना मंडळातल्या सगळ्या जुन्या चित्रकलेच्या परीक्षा आठवल्या.

मंडळाचे खजिनदार हा ह्या गोष्टीतला वेगळाच ग्रह. काटकसर हा त्यांचा छंद नाही, तो त्यांचा कुळाचार आहे. शिबिराला त्यांनी कुठल्याशा गॅरेज सेलमधून दोन डॉलरचा पंखा आणला. धूमकेतूनं तो उलटा करून चिकटवलेल्या कागदावरचं साल वाचलं आणि बाजूला ठेवला. "२०१२च्या आधीचा नाही चालत काका. नव्यांच्या प्लगात फ्यूज असतो. ह्याची मोटर तापली तर धूर बाहेरून यायची गरजच नाही राहणार." खजिनदार म्हणाले, "चांगला फिरतो की!" त्यांनी तो फिरवून दाखवला. तो फिरला. त्यातून गॅरेजभर एक विशिष्ट वासही फिरला, आणि विषय तिथंच संपला.

दुसरा उद्योग म्हणजे हवा मोजायचं यंत्र. मुठीएवढं पांढरं भांडं, आत लेझर. हवेतले अडीच मायक्रॉनहून बारीक कण ते मोजतं. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे हे कण थेट फुप्फुसात उतरतात. यंत्र लावलं की आपलं घर इंटरनेटवरच्या नकाशावर एक रंगीत ठिपका होतं: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा आणि सगळ्यात शेवटी तपकिरी मरून. ह्यानं आमच्याकडे ते घाईघाईत लावलं, नेमकं स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकणाऱ्या झरोक्याशेजारी. मग रोज संध्याकाळी सातला एक चमत्कार होऊ लागला. आसपासची सारी वस्ती हिरवीगार, मधोमध आमचं घर जांभळं. मोहरी तडतडली की लाल, हिंग-मिरची पडली की जांभळा, वरण उकळू लागलं की पुन्हा हिरवा. तिसऱ्या गल्लीतला एक सभ्य अमेरिकन गृहस्थ एका संध्याकाळी दार ठोठावून विचारू लागला, सगळं ठीक आहे ना? बायकोनं त्याला वाटीभर आमटी दिली. त्यानंतर तो जांभळा ठिपका दिसला की येऊ लागला.

धूमकेतू मात्र गंभीर झाला. यंत्र त्यानं हलवलं ते हलवलंच, वर स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं की धुराच्या दिवसांत तळण नको, फोडणी नको, उदबत्ती नको, व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा नको. घरातलाच धूर घरात कोंडतो. त्यातली व्हॅक्यूमची सूचना घरातल्या पुरुषमंडळींनी ताबडतोब मान्य केली. फोडणीवर सासूबाई अडल्या. "बिनफोडणीचं वरण? त्यापरीस धूर बरा."

उन्हाळ्याच्या बाबतीत त्या त्याला विद्यार्थीच समजत. कूलर का नाही इथं, हा त्यांचा पहिला सवाल. वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, भुर्र आवाज, आणि दुपारची झोप. विदर्भात अर्धा उन्हाळा ह्या एका पत्र्याच्या पेटीनं ओढून नेलेला. धूमकेतूचे डोळे क्षणभर ओलावले. अकोल्याच्या घरचा कूलर त्याला दिसला असावा. मग तो म्हणाला, "आजी, इथल्या कोरड्या हवेत कूलर मस्त चालते. पण तो बाहेरची हवा आत ओढते ना. बाहेर धूर असला तर गार धूर मिळते." पन्ह्याला त्यानं पूर्ण मान्यता दिली, पाणी, मीठ, साखर, ह्यात शास्त्रही आड येत नाही. कांद्याला नाही दिली. सासूबाईंनी खिशात ठेवायला दिलेला कांदा त्यानं नम्रपणे घेतला आणि डेव्हिसला जाऊन पोह्यांत घातला, हे त्यानं नंतर कबूल केलं.

आता त्याच्या कामातली खरी गोम सांगतो, कारण ती कळेपर्यंत मीही त्याला नुसता पेटीवालाच समजत होतो. ऊन आणि धूर ह्या दोन संकटांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. ऊन म्हणतं, रात्री खिडक्या सताड उघडा. आमच्याकडे संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडून डेल्टाचा वारा येतो, त्याच्या जिवावर जुन्या घरांतली माणसं एसीशिवाय उन्हाळा काढतात. धूर म्हणतो, खिडक्या बंद, फटींना टेप. दोन्ही एकदम आले तर? नुसत्या पंख्याचाही भरवसा नाही. हवाच पस्तीस अंशांच्या वर गेली की पंखा ती गरम हवा अंगावर मारत बसतो. पत्र्याच्या मोबाइल होममध्ये राहणाऱ्या, एसी बिघडलेल्या म्हाताऱ्या माणसाला छापील पत्रक काय सांगणार? पत्रकाच्या एका बाजूला उघडा, दुसऱ्या बाजूला बंद करा. तिथं कोणीतरी जाऊन, त्या घरात उभं राहून, ह्या खोलीत पेटी ठेवा, पहाटे आकडा हिरवा दिसला तर एवढी खिडकी तासभर उघडा, दुपारी लायब्ररीत जा, न्यायला मी येतो, असं सांगावं लागतं. आणि त्या आधी त्या घरात शिरावं लागतं.

इथं धूमकेतूचं अकोलेपण कामाला येतं. त्याच्या सोबतची अमेरिकन मुलं फॉर्म घेऊन दारात उभी राहतात, ठरलेले प्रश्न विचारतात, आभार मानतात, जातात. कोणाच्या खासगी गोष्टीत नाक खुपसायचं नाही हे त्यांच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. ह्याच्यावर त्याच्या नेमकं उलट बिंबवलेलं. हा विचारतो, मुलगा किती दिवसांनी फोन करतो? गुडघ्याचं काय झालं? मांजर कोणाचं? बिल किती आलं, दाखवा बरं. ट्रेलर पार्कमधली ऐंशीच्या घरातली एक एकटी बाई, जी सरकारी माणसाला जाळीच्या दारातूनच परत पाठवायची, तिनं ह्याला फ्रिज उघडून दाखवला. त्यात बर्फ नव्हता, हे त्याला फॉर्ममधून कधीच कळलं नसतं. मराठीत ज्याला भोचकपणा म्हणून आपण आयुष्यभर शेजारणींना नावं ठेवली, तो ह्या पोरानं सार्वजनिक आरोग्याच्या कामाला लावला.

त्याला त्याचा आधारही पाठ आहे. १९९५च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली, ७३९ माणसं जास्तीची मेली. एरिक क्लिनेनबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञानं नंतर वस्त्यावस्त्या फिरून दाखवलं की एकटं राहणं हाच मोठा धोका होता. जिथं रस्त्यावर वर्दळ, दुकानं, येणंजाणं होतं तिथली तितकीच गरीब माणसं वाचली. २०२१च्या जूनमध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियात ६१९ जण गेले, जवळजवळ सगळे घराच्या आत, त्यातले निम्म्याहून जास्त एकटे राहणारे. हे आकडे तो आमच्या डायनिंग टेबलवर चहात बिस्कीट बुडवत सांगतो, आणि बिस्कीट चहात पडेपर्यंत थांबत नाही.

ह्या भोचकपणातूनच त्याला आमच्या मंडळातला एक शोध लागला. आम्ही समजत होतो धोका ट्रेलर पार्कमध्ये. ह्यानं हिंडून पाहिलं तर चार बेडरूमच्या, मध्यवर्ती एसीच्या घरांत, दुपारी दोन वाजता, मराठी आईबाप घामाघूम बसलेले. मुलगा-सून कामावर. एसी बंद, कारण "एवढ्याशा दोन माणसांसाठी कशाला, मुलाला बिल येतं." काहींना तो लावताच येत नव्हता, भिंतीवर ७८ आकडा बघून एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घाबरून बंद केलेला. ७८ फॅरनहाइट म्हणजे साडेपंचवीस अंश, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. धूमकेतूनं सासूबाईंना फोन दिला आणि यादी दिली. सकाळी दहा आणि दुपारी चार, रोज फेरी. अधिकृत नाव फोनसाखळी. प्रत्यक्षात सासूबाई दहाच्या फेरीत कोणाच्या घरी काय भाजी आहे ते काढत आणि चारच्या फेरीत ती कशी झाली ते. एसी लावला का, हे मधेच, पण न चुकता. एका आजींनी दोनदा फोन उचलला नाही तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या सुनेला ऑफिसच्या मीटिंगमधून उठवलं. आजी झोपलेल्या होत्या. सून रागावली. सासूबाईंनी तिलाही यादीत घेतलं.

२०२२च्या गणपतीत सगळंच एकदम आलं. ५ सप्टेंबरला गौरी गेल्या आणि ६ तारखेला सॅक्रामेंटोत ११६ अंश फॅरनहाइटचा विक्रम झाला. धूमकेतूनं अकोल्याला फोनवर "एकशे सोळा" सांगितलं तेव्हा त्याची आई खाली बसली, सेल्सियसमध्ये पावणेसत्तेचाळीस हे कळल्यावर उठली आणि म्हणाली, "मग येवढं काय?" (पुढं २०२४च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित यंत्रानं छप्पन अंश दाखवले आणि ते यंत्र बिघडलेलं निघालं, तेव्हा सासूबाईंना जरा वाईटच वाटलं.) ६ तारखेच्या त्या संध्याकाळी आमच्याकडे आरतीला घर भरलं होतं. उदबत्ती, धूप, कापूर ह्यांवर दुपारपासून वाटाघाटी चालू होत्या. विजेची निरांजनं आणू का, असं धूमकेतूनं सुचवलं. "देवाला फसवू?" एवढंच उत्तर आलं. तह असा झाला की निरांजन एकच, कापूर चिमूटभर, धूप बाद.

आरती मध्यावर आली आणि पावणेसहाला घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. राज्याचा तातडीचा संदेश: वीज वाचवा, नाहीतर जाईल. त्या दिवशी कॅलिफोर्नियात विजेची मागणी ५२,०६१ मेगावॉटवर गेली, इतिहासातली सर्वांत जास्त. टाळ्या थांबल्या नाहीत, पण धूमकेतू गर्दीतून निसटला. ओव्हन बंद, कपडे वाळवायचं यंत्र बंद, माडीवरचे दिवे बंद. मग गॅरेजमधून त्याचा आवाज आला, "इथं कोणाची गाडी चार्ज होऊन राह्यली?" आरतीतले खजिनदार एकदम डोळे मिटून भक्तीत गेले. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असला की ते आपली विजेची गाडी आमच्या प्लगला लावतात, हे त्या दिवशी साऱ्या मंडळाला कळलं. राज्यभर काही मिनिटांत मागणी उतरली आणि वीज गेली नाही. श्रेय लाखो घरांतल्या बटणांचं. खजिनदारांच्या मते त्यांच्या गाडीचं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या प्लेसर काउंटीत आग लागली. नाव मॉस्किटो. डासाएवढी वाटली, पुढं ७६ हजार एकरांवर गेली आणि कॅलिफोर्नियातली त्या वर्षीची सर्वांत मोठी ठरली. काही दिवसांतच धूर खाली उतरला. ऊनही होतंच. ज्या दिवसासाठी धूमकेतूनं संक्रांतीपासून लोकांचा जीव खाल्ला, तो दिवस आला, आणि गंमत म्हणजे त्याला कोणी फोन केला नाही. पेट्या आपापल्या खोल्यांत घुमत होत्या. सासूबाई दहाच्या फेरीत होत्या. विसर्जन परसदारी बादलीत झालं, सगळ्यांच्या तोंडावर एन-९५, फक्त दाढी राखलेल्या संभाजीराजांचा मास्क बसेना. शिवजयंतीच्या नाटकासाठी राखलेली दाढी आणि हवाबंद मास्क ह्यांचं जमत नाही. धूमकेतूनं त्यांच्यापुढं वस्तरा आणि नाटकातली भूमिका असे दोन पर्याय ठेवले. राजे घरात राहिले आणि काचेआडून 'मोरया' म्हणाले.

त्या दिवसांत मी त्याला डेव्हिसला सोडायला गेलो. त्याची खोली माडीवर, पश्चिमेला मोठी खिडकी, एसी नाही. पेटीही नाही, ती ट्रेलर पार्कमधल्या मांजरवाल्या बाईकडे. रात्री प्रयोगशाळेत झोपतो म्हणाला, तिथं गार असतं. स्वतःचा फॉर्म भरलास का, विचारलं. "भरला असता काका, पण जोखीम 'अति' आली असती. मग मलेच मले रोज फोन करावा लागला असता."

आता तो फ्रेझ्नोला नोकरीला आहे, आमच्यापेक्षा गरम गावात, स्वखुशीनं. दर मे महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर त्याचा संदेश येतो: पेट्यांचे फिल्टर बदलले का, तारखेसह फोटो पाठवा. गेल्या वर्षी खजिनदारांनी मंडळाच्या सभागृहातल्या पेटीचा फोटो तत्परतेनं टाकला. पाचच मिनिटांत उत्तर आलं: "काका, मागं भिंतीवरचं कालनिर्णय आदल्या वर्षीचं आहे. हा फोटो जुना." खजिनदारांनी चूक लगेच सुधारली. भिंतीवर नवं कालनिर्णय लागलं, नवा फोटो गेला, तिकडून अंगठा आला. फिल्टर अजून तोच आहे.